बिल्ला, फाटक आणि फाइल

आमच्या चेरीतालात आता ताल राहिलेला नाही. राणी दुर्गावतीची लाडकी दासी रामचेरी, तिच्या नावाचा हा तलाव. राणीताल खुद्द राणीचा आणि आधारताल तिचे दिवाण आधारसिंह यांचा, असं जबलपुरात लहानपणापासून कानावर पडतं. बावन्न तालांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरातले कितीतरी ताल बुजले आणि त्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. आमचं घर अशाच एका वस्तीत आहे. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, २०२० च्या टाळेबंदीत घरी आलो आणि इथेच राहिलो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून दूरच्या कंपन्यांचे एपीआय गेटवे सांभाळणं हे माझं काम.

एका कंपनीच्या पोटात पंचवीस-तीस छोट्या सेवा चालू असतात: ऑर्डर घेणारी एक, पैसे जमा करणारी एक, साठा मोजणारी एक. बाहेरून मोबाइल ॲप, भागीदार कंपन्या, दुकानदार एपीआयच्या वाटेने सतत काहीतरी मागत असतात. या मागण्या थेट सेवांपर्यंत जात नाहीत. आधी त्या गेटवेवर येतात. कोण आलंय, कुठे जायचंय, तिथे जायची मुभा आहे का, आणि गेल्या मिनिटात किती वेळा येऊन गेला, हे तिथे पाहिलं जातं. पूर्वी मी हे सगळं स्क्रीनवर बटणं दाबून करायचो. गेली काही वर्षं तेच काम फाइलींमध्ये लिहून, बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवून, आपोआप चालणाऱ्या पाइपलाइनने करतो. त्या वाटेवर जे शिकलो ते असं.

१. हाताने दिलेली परवानगी कोणाच्याच लक्षात राहत नाही

पुण्यातल्या एका नोकरीतली गोष्ट. एका संध्याकाळी फोन आला की माल पोहोचवणारी एक कंपनी उद्यापासून आपल्याशी जोडली जाणार आहे, त्यांना ऑर्डरी दिसायला हव्यात. मी गेटवेची स्क्रीन उघडली, नवा ग्राहक तयार केला, किल्ली दिली, ऑर्डरी पाहण्याची मुभा असलेल्या गटात घातलं. पाच मिनिटांत काम झालं. पुढे त्या कंपनीशी असलेला करार संपला. किल्ली मात्र चालूच राहिली, चौदा महिने.

तपासणीसाठी आलेल्या बाईंनी तीनच प्रश्न विचारले. ही किल्ली कोणी दिली? कशासाठी? अजून का आहे? स्क्रीनवर फक्त ती तयार झाल्याची तारीख होती. किल्ली मीच दिली होती, हे जुने निरोप चाळून शोधायला मला अर्धा दिवस लागला. करार संपल्यावर तिचा वापर झाला होता का, हा पुढचा प्रश्न. लॉग तीसच दिवसांचे ठेवलेले होते. त्या तीस दिवसांत वापर नव्हता. त्याआधीच्या महिन्यांबद्दल मी काहीच सांगू शकलो नाही. त्या दारामागे लोकांचे पत्ते होते, फोन नंबर होते, कोणी काय मागवलं ते होतं. त्या माणसांच्या वतीने ‘माहीत नाही’ असं उत्तर देताना जे वाटलं ते मी विसरलेलो नाही.

आता तीच परवानगी फाइलीत चार-पाच ओळींची असते: ग्राहकाचं नाव, गट, कोणाच्या मागणीवरून, मुदत. ती ओळ कोणी लिहिली, कोणी तपासली आणि कधी लागू झाली, हे गिट सांगतं. लॉगचं म्हणाल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ते १८० दिवस राखणं आता बंधनकारक आहे आणि सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ज्यांना हा नियम जाचक वाटतो, त्यांनी एकदा माझ्यासारखं त्या बाईंसमोर बसून पाहावं.

२. फाटकातून आत आला म्हणजे सगळीकडे गेला, असं नाही

बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ पासूनचा हा कारखाना, जबलपुरात निम्म्या घरांचं त्याच्याशी काही ना काही नातं निघतं. बाबांकडे पितळेचा एक बिल्ला असायचा, त्यावर नंबर कोरलेला. सकाळी फाटकावर तो दाखवायचा, मग आत. लहानपणी मला वाटायचं की बिल्ला असला की कारखानाभर हिंडता येतं. एकदा तसं म्हणालो तेव्हा बाबा म्हणाले, “अरे, बिल्ला सांगतो की मी मी आहे. दुसऱ्या शॉपमध्ये जायचं तर वेगळा पास लागतो, आणि त्यावर साहेबांची सही लागते.”

या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी चूक बाबांच्या त्या वाक्यात सापडते. आमच्याकडे काँग नावाचा गेटवे आहे, २०१५ साली ज्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यात की-ऑथ हे प्लगिन बिल्ला तपासतं आणि एसीएल हे प्लगिन पास तपासतं. बिल्लाच नसला तर ४०१ असं उत्तर मिळतं. बिल्ला आहे पण पास नाही, तर ४०३. कित्येक ठिकाणी मी पहिलं प्लगिन लावलेलं पाहिलं आणि दुसरं नाही. परिणाम असा की साठा पाहण्यासाठी किल्ली मिळालेला भागीदार त्याच किल्लीने पैसे परत करण्याची सेवाही वापरू शकत होता. कोणी वापरली नाही, हे नशीब.

आणखी एक बारकावा. सेवेवर एक एसीएल असेल आणि तिच्याच एका रूटवर, म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या एका वाटेवर, दुसरं लावलं, तर दोन्ही मिळून चालत नाहीत. रूटवरचं चालतं, सेवेवरचं त्या रूटपुरतं बाजूला पडतं. मला वाटलं होतं की मी नियम आणखी कडक करतोय, प्रत्यक्षात तो सैल झाला. स्क्रीनवर दोन वेगवेगळ्या पानांवर असलेल्या या गोष्टी फाइलीत एकाखाली एक आल्या, तेव्हा एका नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात बोट ठेवून दाखवलं.

आणि गेटवे कुठे थांबतो ते ओळखायला हवं. एखाद्या ग्राहकाने आपल्या ऑर्डरच्या जागी दुसऱ्याच्या ऑर्डरचा नंबर टाकला, तर गेटवेला त्यात वावगं काही दिसत नाही. ते सेवेनेच तपासायचं. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. गेटवे बसवला म्हणून सेवा लिहिणाऱ्यांनी निश्चिंत व्हावं, असं मी आता कोणाला म्हणू देत नाही.

३. फाइलीत जे नाही ते पुसलं जातं

काँगसाठी डेक नावाचं साधन आहे. ‘डंप’ म्हटलं की गेटवेत सध्या जे आहे ते फाइलीत उतरतं. ‘डिफ’ म्हटलं की फाइल आणि गेटवे यांतला फरक दिसतो. ‘सिंक’ म्हटलं की गेटवे फाइलीसारखा होतो. ‘फाइलीसारखा’ हा शब्द मी सुरुवातीला नीट ऐकलाच नव्हता. फाइलीत जे लिहिलंय ते घातलं जातं, एवढंच मला समजलं होतं. फाइलीत जे नाही ते काढलंही जातं.

एका गेटवेवर कर्मचाऱ्यांचे तीन गट काम करत होते. मी आमच्या गटाची फाइल नीट तयार केली, पुन्हा पुन्हा वाचली आणि सिंक केलं. आमचे सगळे रूट छान चालू लागले. उरलेल्या दोन गटांचे सगळे रूट गेले. दुकानदारांची बिलं अडकली, फोनवर फोन आले. डिफने काढल्या जाणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी दाखवली होती. मी फक्त वरच्या, माझ्या ओळी वाचल्या होत्या. आदल्या रात्रीचा डंप एका सहकाऱ्याने सवयीने काढून ठेवला होता म्हणून अर्ध्या तासात सगळं परत आलं. त्याची ती सवय तेव्हापासून आमची पाइपलाइन रोज रात्री पाळते.

दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक गटाच्या फाइलीला टॅग लागला, आणि डेक त्या टॅगच्या बाहेर हात लावत नाही. दुसरं म्हणजे पाइपलाइनमध्ये एक छोटी तपासणी आली. डिफमध्ये काहीही काढलं जाणार असेल तर काम तिथेच थांबतं, आणि दुसऱ्या माणसाने ती यादी वाचून होकार दिल्यावरच पुढे जातं. यात दहा मिनिटं जास्त जातात. ती जाऊ देत.

४. माझ्या लॅपटॉपवरून कधीच नाही

हा धडा चेरीतालाने शिकवला. मे महिन्याची दुपार, सिंक निम्म्यावर आलेलं आणि बत्ती गेली. राउटर बंद, जोडणी तुटली. डेक शेकडो छोटे बदल सुटेसुटे गेटवेला सांगत असतं. ते सगळे मिळून ‘झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही’ अशा बांधणीचे नसतात. निम्मे लागू झाले, निम्मे राहिले. नवे रूट आले होते, पण त्यांवरचे एसीएल यायचे होते. खालून आई विचारत होती, “इन्व्हर्टर लावू का रे?” आणि मी मोबाइलच्या नेटवर्कवरून पुन्हा जोडून घेण्याची धडपड करत होतो. ती सात-आठ मिनिटं ते रूट बिनापहाऱ्याचे होते.

आता मी फक्त फाइल बदलतो आणि तो बदल स्वीकारण्याची विनंती पाठवतो. तपासणी झाली, मर्ज झालं की बदल लागू करण्याचं काम डेटा सेंटरमधलं एक यंत्र करतं. गेटवेच्या ॲडमिन एपीआयपर्यंत, म्हणजे काँगच्या ८००१ या पोर्टपर्यंत, पोहोचण्याची मुभा एरवी त्या यंत्राशिवाय कोणालाच नाही, मलाही नाही. ज्याच्या हातात हे पोर्ट, त्याच्या हातात सगळी फाटकं. ते इंटरनेटला उघडं ठेवलेलं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, म्हणून हे ठासून सांगतोय.

५. बंद हे मूळ, उघडं हा अपवाद

काँगमध्ये नवी सेवा, नवा रूट तयार केला आणि कुठलंच प्लगिन लावलं नाही तर तो रूट सर्वांना खुला असतो. म्हणजे विसरण्याची शिक्षा ग्राहकांना. आम्ही की-ऑथ संपूर्ण गेटवेला लावून टाकलं आणि ज्या थोड्या गोष्टी खरोखर खुल्या हव्यात त्यांची वेगळी यादी केली. ज्या रूटवर ना पहारा आहे ना त्या यादीत नाव, असा रूट असलेल्या फाइलीला पाइपलाइन नापास करते.

विसरण्याची किंमत किती असू शकते, हे ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात दिसलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या सुमारे ९५ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तिथल्या नियामकाने न्यायालयात जे मांडलं ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. २०१८ मध्ये कोडमधल्या एका चुकीने एपीआयवरचा प्रवेश-नियम निकामी झाला. २०२१ मध्ये मुख्य डोमेनवर ती चूक सापडली, दुरुस्तही झाली. एका उपडोमेनवर मात्र तीच चूक तशीच राहिली. ते एपीआय वापरातही नव्हतं. फक्त चालू होतं.

दोन दारांना एकच नियम हवा असेल तर तो एकाच जागी लिहिलेला असावा आणि दोन्ही दारं तिथूनच वाचणारी असावीत. फाइलींनी हे जमतं. दोन स्क्रीनवर दोनदा हाताने केलं तर कधीतरी एक राहतं.

६. बुजवलेलं पाणी परत येतं

आमच्या गल्लीत जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. नकाशात रस्ता आहे, नाली आहे, पण पाण्याला उतार ठाऊक असतो, आणि ते आपल्या जुन्या जागी येतं. गेटवेचंही असंच होतं. फाइलीत एक लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दुसरंच चालू असतं. रात्री दोनला काहीतरी बंद पडतं, कोणीतरी आणीबाणीच्या वाटेने थेट गेटवेत शिरून एक नियम सैल करतो, सेवा सुरू होते, तो झोपतो आणि सकाळी सांगायचं राहतं. पुढच्या सिंकला तो बदल पुसला जातो आणि सेवा पुन्हा बंद पडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे फाइलीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे तो सैल नियम तसाच राहतो.

म्हणून आमचं यंत्र दर तासाला नुसतं डिफ काढतं, काही बदलत नाही. फरक दिसला की गटाला निरोप येतो. निरोप आला की आम्ही आधी माणसाला विचारतो, “काय अडलं होतं?” हात घालणाऱ्याकडे बहुतेक वेळा सबळ कारण असतं. त्याला दटावलं तर पुढच्या वेळी तो लपवेल. त्याचा बदल योग्य असेल तर फाइलीत येतो, नसेल तर काढून टाकतो.

७. लिहिलं म्हणजे लागू झालं, असं नाही

ॲमेझॉनच्या गेटवेवर काम करताना हे कळलं. तिथल्या रेस्ट प्रकारच्या एपीआयमध्ये बदल केला तरी तो त्या टप्प्यावर नव्याने डिप्लॉय केल्याशिवाय लागू होत नाही. टेराफॉर्म या साधनाने एका रूटवरची परवानगी काढली, हिरवी खूण आली, मी खुशीत जेवायला गेलो. जुनंच डिप्लॉयमेंट चालू होतं, परवानगीही चालू होती. बदललेल्या मजकुराचा हॅश ट्रिगरमध्ये दिला तरच टेराफॉर्म नवं डिप्लॉयमेंट करतं, हे मला नंतर उमजलं.

तेव्हापासून पाइपलाइनच्या शेवटी खरी हाक मारली जाते. किल्लीशिवाय एक हाक, तिला ४०१ मिळालंच पाहिजे. चुकीच्या गटाच्या किल्लीने एक, तिला ४०३. बरोबर किल्लीने एक, तिला २००, म्हणजे ‘ठीक’. पहिल्या दोन मला तिसरीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. चालू असलेली गोष्ट बंद पडली तर लोक ओरडतात, बंद हवी ती चालू राहिली तर कोणी ओरडत नाही.

८. स्वयंचलित यंत्र चूकही तेवढ्याच वेगाने पोहोचवतं

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने आपल्या फायरवॉलचा एक नवा नियम जगभर एकाच वेळी लागू केला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने सगळीकडचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले आणि सत्तावीस मिनिटं असंख्य संकेतस्थळं कोलमडली. कंपनीने नंतर सगळा वृत्तांत स्वतःच सविस्तर लिहिला. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तो वाचावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात एक तपशील असा आहे की अडचणीच्या वेळी त्यांच्याच काही माणसांना आतल्या नियंत्रण-पॅनेलमध्ये शिरता येईना. बरेच दिवस वापर न केल्यामुळे सुरक्षेच्या नियमानेच त्यांचा प्रवेश बंद केला होता.

मी यातून दोन गोष्टी घेतल्या. बदल आधी एका गेटवेवर, मग थोड्यांवर, मग सर्वांवर. आणि पाइपलाइनच बंद पडली तर वापरायची एक आणीबाणीची किल्ली, दोन माणसांच्या संमतीने उघडणारी. ती दर तीन महिन्यांनी आम्ही खरोखर वापरून पाहतो. पहिल्या वेळी ती चाललीच नव्हती.

९. किल्ल्या फाइलीत नकोत

डेकने डंप काढला की ग्राहकांच्या किल्ल्या उघड्या अक्षरांत फाइलीत येतात. ती फाइल गिटमध्ये गेली की इतिहासात राहते, नंतर ओळ काढली तरी. किल्ल्या वेगळ्या तिजोरीत ठेवाव्यात आणि सिंकच्या वेळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्याव्यात. डेकमध्ये तशी सोय आहे. चुकून गेलीच, तर इतिहास पुसत बसण्याआधी ती किल्ली रद्द करून नवी द्यावी.

१०. मर्यादा मोजताना गेटवेच्या प्रतीही मोजा

मिनिटाला शंभर मागण्या अशी मर्यादा लावली आणि भागीदाराच्या तीनशे आरामात जात होत्या. गेटवेच्या तीन प्रती चालू होत्या आणि ‘लोकल’ पद्धतीत प्रत्येक प्रत आपापलं मोजते. अचूक मोजायचं तर रेडिससारखी सामाईक जागा लागते.

११. मुदत लिहा, आणि यंत्राला आठवण करू द्या

आता आमच्याकडे मुदतीशिवाय परवानगी दिली जात नाही. प्रत्येक ग्राहकाच्या टॅगमध्ये महिना लिहिलेला असतो. तो महिना आला की पाइपलाइन स्वतःच ती ओळ काढण्याची विनंती तयार करते आणि परवानगी मागणाऱ्याच्या नावाने पाठवते. हवी असेल तर त्याने नवा महिना आणि नवं कारण लिहायचं. या विनंत्या वाचायला मी भागीदारांशी बोलणाऱ्या मंडळींनाही बसवतो. त्यांना कोड येत नाही, पण फाइलीतलं नाव, गट आणि मुदत त्यांना सहज वाचता येते. करार संपला हे आमच्याआधी त्यांनाच ठाऊक असतं.

मागच्या आठवड्यात अशीच एक विनंती आली. परवानगी मागणारा नोकरी सोडून गेलेला. मी त्या भागीदाराला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “ते काम तर आम्ही दिवाळीतच बंद केलं, सर.” पाच ओळी काढल्या, सहकाऱ्याने तपासल्या, मर्ज झालं. शेवटच्या हाकेला ४०१ आलं.

बाबा मागेच खुर्चीत बसून पाहत होते. काय केलंस, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “एकाचा बिल्ला जमा करून घेतला, बाबा.” ते उठले, खाली गेले आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी फाटकावर बिल्ला जमा केल्याची पावती: नंबर, तारीख, घेणाऱ्याची सही.